रिकाम्या पोटी चढलेली साखर

आईला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि मी दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरला मोबाइल लावला. मला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे, हात सवयीनं तिकडे जातोच. साखर भराभर चढत होती.

"काही खाल्लंस का गं?" दादानं विचारलं.

"पाण्याशिवाय काही नाही. इन्सुलिनही रोजच्याइतकंच घेतलंय."

पोळीभाताला किती इन्सुलिन लागतं हा हिशोब मला येतो, पण धास्तीनंही साखर चढते, तिला किती युनिट धरायची? डॉक्टरांनी सांगून ठेवलेला थोडा जादा डोस घेतला आणि येरझाऱ्या घालत राहिले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. "आई ठीक आहेत," सर्जन म्हणाले. धास्ती उतरली, पण जादा डोस अजून अंगात होता. थोड्या वेळात मोबाइलवर सेन्सरचा इशारा वाजला. आता साखर घसरत होती. दादा सरबत आणायला धावला, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.