पडद्यावरची फूटपट्टी

काकू कॉम्प्युटरच्या पडद्याला फूटपट्टी लावायच्या. मुलाने सी भाषेतला प्रोग्राम चालवला, काळ्या खिडकीत नावं आणि गुण उमटले, की त्या पर्समधून प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी काढून आकड्यांच्या रांगेवर उभी धरत. एक आकडा जरी बाहेर डोकावला तरी वहीवर सही मिळत नसे. दुर्गजवळ कुरुदच्या रस्त्यावरच्या आमच्या खासगी कॉम्प्युटर संस्थेत मुलं मागून त्यांना ‘पट्टीवाली मॅडम’ म्हणत. मी त्यांच्याबरोबर शिकवायचो, वयाने लहान म्हणून काकू म्हणायचो.

“मॅडम, उत्तर तो सही है,” मुलं कुरकुरत.

“सही है, पर परोसा कैसा है?”

पोरगा मराठी निघाला तर घरच्या बोलीत ऐकवत, “कावून रे, तुह्या घरी मीठ भातावर वाढतेत का?” प्रिंटएफ, म्हणजे पडद्यावर मजकूर उमटवायची आज्ञा, त्यांच्या लेखी ताट वाढणं. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. तसं नाव डाव्या कडेला टेकवायचं, आकडा उजव्या. नाव लहान असलं तरी त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची नाही.

अक्षरांना रंग देता येतात हे शिकवलं, की मुलं सगळी खिडकी होळीसारखी रंगवत. काकू हसत आणि चालू देत. पण एकाने नापासांची नावं लाल केली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा पांढरी करायला लावली. “त्याले माहीत आहे ना तो नापास आहे. तू कशाले ओरडून सांगून राहिला?”

काकूंचे यजमान दुर्गला रेल्वेत होते. ते गेले, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. पद्मनाभपूरच्या घरात काकू एकट्या. सुट्टी त्यांना नको असायची. “घरी भिंतीसंग काय बोलू, भाऊ? इथं पोरं भांडतात तरी.”

मग मुलं कमी झाली, आणि आम्हा दोघांपैकी एकालाच ठेवायचं असं संचालकांनी ठरवलं. दोघांनी आपापलं काम सभेत दाखवायचं होतं. माझं वेबसाइटचं काम आधी झालं. मागच्यांना दिसावं म्हणून मी काळ्या खिडकीतलीही अक्षरं मोठी करून ठेवली होती. काकूंची पाळी आली. त्या पडद्याजवळ उभ्या राहून समजावणार, म्हणून मशीनवर मीच बसून राहिलो.

प्रोग्राम सुरू केला. अक्षरं मोठी, त्यामुळे ओळ खिडकीत मावेना. प्रत्येक ओळ मोडून खाली उतरली, एकाचे गुण दुसऱ्याच्या नावाखाली गेले. काकू पडद्याकडे बघत राहिल्या.

“मॅडम, ये क्या खिचड़ी है?” संचालक म्हणाले. सगळे हसले.

काय झालं ते मला तत्क्षणी कळलं होतं. कंट्रोल आणि वजा, दोन कळा एकदम दाबल्या असत्या तर अक्षरं लहान होऊन रांगा सरळ झाल्या असत्या. माझी बोटं कळांवरच होती. ती मी उचलली आणि मांडीवर ठेवली. माझी नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर काकू माझीच समजूत घालत होत्या. “माह्यंच चुकलं, भाऊ. खिडकी केवढी आहे हे आधी विचारून घ्यायला पायजे होतं.” राहिलेल्या दिवसांत त्यांनी प्रोग्राम तसा सुधारला. आता तो आधी खिडकीची रुंदी विचारतो आणि तेवढीच ओळ आखतो. “पोरांना शिकवा,” म्हणून मला देऊन गेल्या. मी अजून तोच शिकवतो. कुणाचा आहे, ते सांगतो. का लिहिला, ते सांगत नाही.

नागपूरला मुलीकडे त्या आजारी असल्याचं कळलं तेव्हा तिकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, हाताच्या काड्या झालेल्या. मुलगी चहा घेऊन आली. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “काकू, त्या सभेत—”

“हेच ते भाऊ,” त्या मुलीला म्हणाल्या. “त्या दिवशी सगळे हसले. हे नाही हसले. मी पायलं ना.”

“आई नेहमी सांगते तुमचं,” मुलगी म्हणाली, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मी तो प्यायलो.