तिसरा कागद

कोर्टात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. लघुलेखिकेच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली, पण निकालातलं एक अक्षर तिच्याकडून कधी बाहेर फुटलं नाही. त्यात तिच्या न्यायाधीश साहेबांची रीतच वेगळी. मोठा खटला असला की ते दोन उलट निकाल पूर्ण सांगून टाइप करून घेत आणि खरा कुठला ते वाचायच्या दिवशी सकाळी ठरवत. म्हणजे खुद्द कुलूपबाईलाही पत्ता नसे.

या खेपेला मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. असाध्य रोग्याला स्वतःचं मरण मागता यावं का, असा खटला. सगळा देश त्यावरून हमरीतुमरीवर आलेला, आणि तिच्या भावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकानही. दादा म्हणे, यावं. धाकटा म्हणे, मुळीच नाही. वडिलांच्या लांबलचक टेबलावर दोघांनी मधोमध खडूची रेघ मारली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून पैज लावली: निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल त्याने दुकान सोडायचं. मिशा पांढऱ्या झाल्या दोघांच्या, काय म्हणावं यांना! दोघंही आळीपाळीने तिच्याकडे खेटे घालत आणि ती मूग गिळून चहा देई.

शेवटी तो दिवस उजाडला. बाहेर घोषणांनी रस्ता दणाणत होता. अकराला निकाल, आणि साडेदहाला साहेबांनी तिला आत बोलावलं. दोन्ही जाडजूड गठ्ठे त्यांनी बाजूला सारले.

"यातला एकही नको. लिहा."

 तिची पेन्सिल सुसाट पळू लागली. साहेब सांगत होते: हा प्रश्न कायद्याच्या कलमात सुटणारा नाही. आम्ही तिघा न्यायाधीशांनी तो मिटवला, तर अर्ध्या देशाला वाटेल, आपल्याला कोणी विचारलंच नाही. आणि न विचारलेली माणसं फार दिवस एका घरात नांदत नाहीत. लोकांनी आपसात बोलावं, त्यांनी निवडून दिलेल्या सभेने ठरवावं.

एका घरात! तिला रेघ मारलेलं टेबलच दिसलं. अकराला चार मिनिटं कमी असताना तिने टाइप केलेला कागद यंत्रातून ओढला आणि अक्षरशः धावत नेला. धाप लागली होती आणि आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. उघडते तर दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे, एकाच स्कूटरवरून आलेले, रागाने लालबुंद. तुझ्या साहेबांनी अंग काढून घेतलं, असं एक म्हणे, आणि दुसरा चक्क मान डोलवी. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"ताई, मग दुकान कोणी सोडायचं?" धाकट्याने विचारलं.

कुलूपबाईने त्यांना आत घेतलं आणि दोघांच्या मधली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"कोणीच नाही. बसा इथे, आणि आधी एकमेकांचं ऐका. मी चहा टाकते."

दोघंही बसले. ती आत गेली. आधण आलं. मग बाहेर दादा खाकरला.

"बोल, तुझं म्हणणं नेमकं काय आहे?"

तिने गॅस बारीक केला.