एका वहीतले दोन हल्ले

११ सप्टेंबर २००१, मंगळवार, संध्याकाळ. भवानीपूर, दुसरा मजला. हजर : आबा, म्हणजे माझे आजोबा, आई, खालच्या मजल्यावरच्या नलूकाकू, आणि मी, इयत्ता आठवी. गैरहजर : बाबा, बराकपूरहून येणाऱ्या गाडीत.

ही हजेरी त्याच संध्याकाळी वहीत लिहिली. त्या पानावर अजून माझ्या बोटांचे ठसे आहेत — मांज्याच्या खळीचे. विश्वकर्मा पूजा, म्हणजे आमच्याकडचा पतंगांचा दिवस, सहा दिवसांवर आली होती; शाळेतून आल्यापासून मी गच्चीवर दोऱ्याला खळ आणि काचेची पूड चोळत होते, आणि शिजलेल्या साबुदाण्याचा तो उबदार, आंबूस वास हातांवर घेऊन खाली उतरले, तर टीव्हीवर एक उंच इमारत धुरात उभी… आणि बघता बघता दुसऱ्या इमारतीवर दुसरं विमान आलं.

"ओ मा गो! अगं, शेखर तिथंच आहे!" नलूकाकू दारातच खाली बसल्या. शेखरदादा, त्यांचा एकुलता एक मुलगा, न्यू यॉर्कला नोकरीला. त्यांच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, आमच्या लागे. मी रिसीव्हर उचलला, आणि सगळं घर माझ्या चिकट बोटांकडे पाहू लागलं. प्रत्येक प्रयत्नाची वेळ मी वहीत टिपत होते. सहा पन्नास, लागत नाही. सहा बावन्न, लागत नाही. आई म्हणाली, "दमलीस, दे इकडे." मी दिला नाही.

आबा खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. "हुबेहूब पर्ल हार्बर! मी नऊ वर्षांचा होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला रेडिओ, आणि ही गर्दी…"

मी लगेच पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे त्यांचा हल्ला, उजवीकडे माझा. वार? रविवार, मंगळवार. वेळ? दोन्हीकडे तिथली सकाळ. कुठून? आकाशातून, दोन्हीकडे. आधी कळलं होतं? कोणालाही नाही. आबा भराभर सांगत होते — खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद, मैदानात खणलेले चर, हावडा स्टेशनवर सामानावर सामान — आणि मी एका हाताने लिहीत, दुसऱ्याने आकडे दाबत होते.

"आजोबा-नात काय पेपर काढताय का?" आई कडाडली. नलूकाकूंनी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या देवाचं नाव घेत होत्या, आणि मी… मी इतकी खुशीत होते, जितकी त्या वर्षी कधीच नव्हते.

साडेआठला फोन लागला. "मी ठीक आहे. आईला दे. फार लांब चालत आलोय," शेखरदादा म्हणाला. नलूकाकू रिसीव्हर छातीशी धरून रडल्या, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? संपलं. एवढ्यातच संपलं.

ते माझ्या चेहऱ्यावर उमटलं असणार, कारण आबा माझ्यामागून मोरीपर्यंत आले. मी हात घासत होते.

"संपलं म्हणून चुकचुकलं ना?"

मी नळ आणखी सोडला.

"मलाही तेव्हा तसंच झालं होतं. वडिलांनी आईला आणि मला हावड्याहून नागपूरच्या गाडीत बसवलं. ते स्वतः नोकरीसाठी इथंच राहणार होते, वरून जपानी बॉम्ब पडतील या भीतीत. आई रडत होती आणि मी खिडकीतून हसत होतो… आगगाडी, लढाई, शाळा बंद! वडिलांना वाटलं, पोरगा शूर आहे, त्यांना धीर देतोय. जन्मभर हेच कौतुक करायचे. मी कधी खरं सांगितलं नाही." टॉवेल माझ्या हातात देत म्हणाले, "तू सांग. पण आज नको."

तक्त्याच्या तळाशी, 'तेव्हा काय वाटलं' या ओळीत, डावीकडे आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : मजा. उजवीकडची जागा त्यांनी माझ्यासाठी सोडली.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. नलूकाकू ऐंशीच्या पुढे आहेत. दर दिवाळीला मी फराळाला जाते, आणि त्या जमलेल्या प्रत्येकाला सांगतात, "माझ्या शेखरसाठी या पोरीनं बोटं झिजवली हो! फोन कोणाला धरू दिला नाही," आणि माझ्या ताटलीत आणखी एक चिरोटा ठेवतात. मी तो खाते.

माझ्या याद्यांतली कामं सहसा महिन्याच्या आत उरकतात. विम्याची, दुरुस्तीची, मुलीच्या शाळेची. एक ओळ मात्र दर जानेवारीत जुन्या डायरीतून नव्या डायरीत उतरवते आहे — नलूकाकूंना सांगणे. यंदाही उतरवली आहे. पुढे अजून खूण नाही.