कासम मिस्त्रींचा चुना

कासम मिस्त्री चुना चाखून बघायचे. दगडी चाकाच्या घाणीत दळलेला चुना बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि कणभर जिभेच्या टोकाला लावायचा. मला किळस यायची. "मिस्त्री, जीभ भाजेल," मी म्हणायचे. ते थुंकून म्हणायचे, "जीभ का क्या है बाई, कमान नक्को पडना."

शहरातले जुने दरवाजे पर्यटकांसाठी नीट करायला सरकारचा निधी आला, तेव्हा आमची गाठ पडली. मी घाणीवर होते. चुना, वाळू, गूळ आणि बेलफळाचं पाणी एकत्र दळायचं माझं काम. तो दगडांच्या सांध्यांत भरायचं काम मिस्त्रींचं. माणूस फार हळू. ठेकेदार ओरडला की म्हणायचे, "चुन्याकू नींद पूरी होने दो. कच्ची नींद में उठाया तो वो भी चिडता." फसवण्याला लोक 'चुना लावला' म्हणतात, याचा त्यांना खरोखर राग यायचा. "अरे, चुना लगाया इसलिए तो दरवाजा खडा है!"

मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाचा दिवस ठरला आणि नेमके मिस्त्री तापानं पडले. कमान अर्धीच झाली होती. ठेकेदारानं दुसरे गवंडी लावले आणि मला बाजूला घेतलं. "मावशे, घाणीत पाटीभर सिमेंट टाकत जा. लवकर धरतंय. म्हाताऱ्याला बोलू नको. नाय टाकायचं तर उद्या यायचं बी नाय."

जुन्या दगडाला सिमेंट लावायला सरकारची मनाई होती, तरी मी टाकलं. दोन दिवस टाकलं. घाबरले होते, दुसरं कारण नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. चुना जिभेला लावला, माझ्याकडे बघितलं आणि छिन्नी घेऊन परांचीवर चढले. दोन दिवसांचं काम खरवडून काढायला लागले. ठेकेदार बोंबलायला लागला. सरकारी कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम धावत आल्या.

"सिमेंट कोणी मिसळलं?"

पाटी माझ्याच हातात होती. मिस्त्री वरूनच म्हणाले, "मेरी गलती, मॅडम. जाते वक्त सिमेंट डालने कू मैंने बोला था."

काम अर्धंच राहिलं. परांचीला झेंडूच्या माळा बांधल्या आणि मंत्र्यांनी तिच्याखाली फीत कापली. फोटो बिघडला म्हणून ठेकेदारानं मिस्त्रींना काढलं. कमान पुढं दुसऱ्यांनी पुरी केली. पण चुन्यातच केली, मॅडम रोज येऊन उभ्या राहायच्या.

मी मिस्त्रींच्या घरी गेले. "माझं नाव का नाही घेतलं?" सरळ विचारलं.

"तुमकू निकालते तो दुसरी बाई आती. वो भी डालती," ते म्हणाले. "तुम अब नइं डालते. बैठो, चाय पियो."

चहात साखर फार होती. मी तसं सांगितलं. हसले.

त्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. पुढच्या दरवाजाचं काम त्याच ठेकेदाराला मिळालं. एका सकाळी त्यानं गुपचूप माझ्या घाणीजवळ सिमेंटची गोणी आणून ठेवली. मी तिच्यावर बसले. मॅडम येईपर्यंत उठले नाही.