पंधरा किलो आणि एक किडनी

"तुमच्या दोन्ही किडन्या झकास आहेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी शेजारी बसलेल्या महेशला, माझ्या धाकट्या भावाला, कोपर मारलं. बघ, म्हटलं होतं ना! तेवढ्यात मॅडम पुढे म्हणाल्या, "पण आत्ता घेता येणार नाही. आजार तुम्हालाही आहे. ओबेसिटी."

ओबेसिटी म्हणजे लठ्ठपणा. मला हसूच आलं. नव्वद किलो होते मी, पण त्याला कोणी आजार म्हणतं का? आमच्याकडे त्याला खात्यापित्या घरची म्हणतात. मॅडमनी समजावलं, एक किडनी काढली की उरलेलीवर सगळा भार. त्यात वजन असंच राहिलं तर बीपी, शुगर, आणि उद्या मीच डायलिसिसवर. पंचाहत्तरपर्यंत या, मग बघू.

महेश राहतो ठाण्यात, कोलशेतला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे चार-चार तास मशीनमधून रक्त धुऊन घ्यायचं. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता, आईला शुगर. राहिले मी, आणि मी वजनात बाद! स्वतःचाच असा संताप आला म्हणून सांगू.

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दिवसभर चव बघायची, संध्याकाळी उरलेलं संपवायचं, वीस वर्षं हेच. डाएट झालं, चालणं झालं, गरम पाण्यातून मधही झाला. चार किलो उतरायचे, पाच चढायचे. म्हणून मॅडमनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. ते पेप्टाइड असतं, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा. जेवल्यावर आतड्याकडून मेंदूला 'पुरे आता' असा जो निरोप जातो, त्याचीच ही नक्कल. पोटाच्या कातडीखाली टोचायचं. नवऱ्याला म्हटलं, तू टोच. तो सुई बघूनच बाहेर पळाला! शेवटी मीच टोचलं. मुंगी चावल्यासारखं, बस.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार. बटाटेवड्यांचा गरमागरम घाणा समोर, आणि मला खावंसंच वाटेना. अहो, आयुष्यात पहिल्यांदा! माझ्याकडे कामाला असलेल्या शकूला म्हटलं, "चिमटा काढ गं मला."

"ताई, तुम्ही नाही खाल्लं तर मीठ कोण बघणार?"

तेव्हापासून मीठ शकू बघते. जरा खारट होतं, गिऱ्हाईकं बोलतात. बोलू देत.

डोस हळूहळू वाढत गेला. मळमळ व्हायची, बद्धकोष्ठाचं तर विचारू नका. पण काटा खाली! पाचव्या महिन्यात ब्याऐंशी.

मग गणपती आले आणि मी माती खाल्ली. नुकताच डोस वाढवलेला, आणि दुसऱ्याच दिवशी पाच घरी दर्शनाला गेले. जेवणातलं सगळं पथ्य पाळत होते हो. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? प्रसाद मी खाण्यात धरलाच नव्हता. पाच घरचे मोदक, वर तूप. संध्याकाळपासून उलट्या सुरू. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरेना, आणि मी शहाणी कोणाला बोलले नाही. मॅडमनी औषध बंद केलं तर? तिसऱ्या दिवशी ओट्याशी चक्कर येऊन पडले.

ॲडमिट. सलाईन. क्रिएटिनिनची टेस्ट केली. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा, किडनीने नीट गाळलं नाही की वाढतो. माझं वाढलेलं. एरवी शांत असणाऱ्या मॅडम तापल्या. "अंगातलं पाणी गेलं की किडनीला मार बसतो. जी भावाला द्यायची, तिचीच वाट लावताय तुम्ही!"

मी ढसाढसा रडले. माझ्या बावळटपणापायी महेशची किडनी गेली, एवढंच डोक्यात. तो डायलिसिस आटपून तसाच आलेला, हाताला पट्टी. "ताई, नको मला किडनी. तू धड राहा."

"गप रे. तुला विचारलंय कोणी?"

चार दिवसांत क्रिएटिनिन जागेवर आलं. सुटले! इंजेक्शन काही आठवडे थांबवलं, मग पुन्हा लहान डोसपासून सुरू. म्हणून कळवळून सांगते, हे औषध घेत असाल तर उलट्या लपवू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. शेजारणीचं बघून आपल्या मनाने तर मुळीच टोचू नका. आणि प्रसाद कणभर घ्या, देव रागावत नाही.

अकराव्या महिन्यात पंचाहत्तर! घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलातल्या त्या काट्यावरून मी उतरायलाच तयार नव्हते. पुन्हा सगळ्या टेस्ट, किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे कागदपत्रं. ऑपरेशनआधी इंजेक्शन बंद, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना ते धोक्याचं. मग एका मंगळवारी दोघांनाही आत नेलं.

शुद्धीवर आले तेव्हा कूस नुसती पेटलेली. भावजय आली. मास्कच्या वर डोळे घळाघळा वाहत होते. मी तिचा हात गच्च धरला.

"ताई, लघवी झाली! पिशवी भरली, सिस्टरनी दोनदा रिकामी केली!"

डायलिसिसवरच्या माणसाची लघवी हळूहळू बंद होते. महेशला दोन वर्षं थेंब-थेंब व्हायची. मला हसू आवरेना, टाके ओढले गेले, तरी हसले. मॅडमचे, सिस्टरांचे, केंद्र सांभाळणाऱ्या शकूचे उपकार फिटायचे नाहीत, पण त्या घडीला कोणी आठवलं नाही. म्हटलं, आधी मला फोटो दाखव. भावजयीने मोबाइल पुढे धरला. पिवळीधमक, काठोकाठ भरलेली पिशवी. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती.