आगटीत गेलेली कणसं

माझं पोट तेच तेच वाचण्यावर चालतं. ज्वारीच्या डीएनएमध्ये निम्म्याहून जास्त मजकूर पुन्हापुन्हा येणारा असतो, आणि त्यातल्या काही जागा तर अशा की दोनच अक्षरं हट्टानं एकापुढे एक लिहिलेली. जीए, जीए, जीए. पूर्वी बरेच जण या भागाला अडगळ म्हणत. माझ्यावर मात्र या अडगळीचे उपकार आहेत, आणि त्यातला एक काही केल्या फिटायचा नाही.

परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेतून मी चुडाव्याकडच्या एका गावात नमुने घ्यायला जात असे. तिथल्या काकूंकडे खास हुरड्याची ज्वारी होती, सासूकडून त्यांच्या हाती आलेली. बाकी रानात सुधारित वाण आणि बांधालगत हिचा एक पट्टा. इतका गोड हुरडा मी दुसरीकडे खाल्ला नाही. रोपं लहान असताना मी त्यांची पानं खुडून नेली आणि डीएनए काढून फ्रीजरमध्ये ठेवला. पुढे ज्वारी निसवून कणसं बाहेर पडायला लागली तेव्हा चांगल्या कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या, म्हणजे शेजारच्या ज्वारीचा पराग बसू नये आणि बियाणं शुद्ध मिळावं.

हुरड्याच्या दिवसांत काकूंचा फोन आला, "समद्यांला घिऊन या." आम्ही प्रयोगशाळेतले चौघं गेलो. कणसं भाजायची आगटी फुललेली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. काकू गरम कणसं हातावर चोळून देत होत्या आणि मी ओंजळीनं खात होते. काका बैल उधळल्याची गोष्ट सांगत होते. त्यांना दर वाक्यात "ते न्हाई का" म्हणायची खोड. "मंग ते न्हाई का, बैल गेला वढ्यात, ते न्हाई का…" एवढ्यात आगटीच्या कडेला मला अर्धवट जळालेली कागदी पिशवी दिसली. तिच्यावर माझं अक्षर होतं.

"काकू, ही पिशवी?"

"पाखरांनी उघडं कनीस एक ठिवलं न्हाई, बाई. तुमच्या पिशव्यातलीच तेवढी भरलेली व्हती. पावन्यांला काय पोचट द्यावं का?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरचे सांगतील. पण त्या वेळी तोंडात हुरडा होता, दोन्ही एकदमच गिळले. पाहुण्याला रानातलं उत्तम तेच वाढायचं, आणि ते उत्तम मीच निवडून, झाकून ठेवलं होतं. रागवायचं कुणावर? पिशव्यांतलं एकही कणीस उरलं नव्हतं, घरातही बी शिल्लक नव्हतं, होतं तेवढं पेरलेलं. हे काकूंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "माज्याच हातानं संपलं म्हना," एवढंच म्हणाल्या. मला अभ्यासाला दुसरा वाण मिळाला असता. त्यांना कुठून मिळणार होता?

काकांनी गोष्ट अर्धवट सोडली. "आक्काकडं आसंल की. पंचमीला आली की नेती, ते न्हाई का."

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, चारठाण्याजवळच्या गावात दिलेली. पंचमीला लेक माहेरी आली की जाताना तिच्या पदरात मूठभर बियाणं बांधायचं, ही त्या घरची रीत. काकू आणि मी एसटीनं आक्कांकडे गेलो. आक्कांनी बियाण्याचं गाडगं पुढ्यात ठेवलं. "माहेरचीच हाय, ते न्हाई का," त्या म्हणाल्या, आणि मला हसूच आलं. पण त्यांच्या रानाला चहूकडून दुसऱ्या ज्वाऱ्या खेटलेल्या. काकूंनी दाणे तळहातावर फिरवून बघितले. "दिसायला तर तीच हाय. पर आतून कुनाला ठावं?"

परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगितलं, "काकांच्या 'ते न्हाई का'नं गोष्ट पुढं जात नाही. पण आक्कांनी तोंड उघडलं की कुठल्या घरच्या ते कळतंच ना? ज्वारीतही काही अक्षरं अशीच उगीच परत परत येतात. किती वेळा येतात ते मोजलं की घर ओळखता येतं."

"मंग त्यांचं बोलनं बी कामाचं हाय म्हनायचं," काकू म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

पुढच्या रब्बीत आक्कांचं बी पेरलं, रोपांचा डीएनए काढला आणि फ्रीजरमधल्या जुन्या डीएनएच्या शेजारी तपासला. बरीच रोपं सरमिसळ निघाली. मी धास्तावले. पण थोडी अशी होती की तपासलेल्या प्रत्येक जागी ती अक्षरं अगदी तितक्याच वेळा आली होती, जितकी आम्ही खाऊन टाकलेल्या ज्वारीत. ती अक्षरं मोजणाऱ्या यंत्रासमोर मी खरोखर हात जोडले. शेजारचे हसले तर हसू देत. त्याच रोपांची कणसं मी पिशवीत झाकली आणि या वेळी राखण स्वतः केली.

पंचमीला बियाणं घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पुडी कपाळाला लावली, उघडली, आणि मी निघाले तशी त्यातलीच एक मूठ माझ्या ओढणीच्या टोकाला बांधू लागल्या.

"काकू, आधीच एवढंसं आहे. राहू द्या तुमच्याकडंच."

"येका घरात ठिवून काय व्हतंय ते बघितलं की." त्यांनी गाठ आवळली. "लेक हायस तू. पेर."

तोवर त्या मला अहो-जाहो करत होत्या.