आधी पोरांच्या गोष्टी

कितीही मोठं संकट घेऊन तुम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत गेलात, तरी त्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, “मंग?” छपराचे पत्रे उडाले. मंग? तांदळाची गाडी घाटात अडकली. मंग? नवे मास्तर पहिल्याच आठवड्यात पळाले. मंग? झालं ते झालं, आता पुढे काय करणार ते सांगा, असा त्याचा अर्थ. आम्ही शिक्षक पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. साखर संपली असं कुणी म्हणायचा अवकाश, दुसरा कमरेवर हात ठेवून “मंग?” म्हणायचाच.

मोखाड्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेच्या त्या मुख्याध्यापिका. माहेर साखरशेतचं, भात-नागली पिकवणाऱ्या घरातलं. पहिलीत येणारी पोरं घरची बोली घेऊन यायची आणि पुस्तकातलं मराठी ऐकून गप्प बसायची. काही तर दिवाळीला घरी गेली की परतच यायची नाहीत. बाईंना हे फार लागायचं. “पोर मुकं नाही हो सर, आपल्याला ऐकू येत नाही,” असं त्या म्हणायच्या. म्हणून त्यांनी पहिलीसाठी पाड्यावरच्या शब्दांचं आणि गोष्टींचं पुस्तक करायला घेतलं.

गोष्टींची खाण म्हणजे त्यांचे वडील. बाई सुट्टीत साखरशेतला जाऊन त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवायच्या. ते ध्वनिमुद्रण मी बाईंच्या खोलीतल्या, शाळेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर चढवायचो, कॅसेट पुढच्या खेपेसाठी पुसून द्यायचो आणि ऐकून ऐकून गोष्टी टाइप करायचो. पुस्तक अर्ध्यावर असताना वडील गेले. बाई चार दिवसांनी कामावर आल्या. पण कधीकधी मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून म्हाताऱ्याचा आवाज यायचा.

मग एका उन्हाळ्यात, पुस्तक छापायला जायच्या बेतात असताना, कॉम्प्युटरमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. वीज केव्हाही जायची, त्या धक्क्यांनी हार्ड डिस्क खिळखिळी झाली असावी. पडदा गोठला. मी घाबरून बंद-चालू, बंद-चालू करायला लागलो. बाईंनी माझा हात धरला आणि स्वतः वायर उपटली. “तापाच्या माणसाला उठाबशा काढायला लावता का? पडू द्या त्याला.” मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, “आमच्याकडे नागलीचं बियाणं कधी एका घरात ठेवत नाहीत. थोडं बहिणीकडे, थोडं शेजारी. आणि इथे आपण सगळं एकाच डब्यात भरून बसलो!”

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने जव्हारला निघालो. गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर टपावर टाकतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरला बाई म्हणाल्या, “तू बस टपावर. हा माझ्या मांडीवर येईल.” घाटातल्या प्रत्येक वळणावर त्या त्याला दोन्ही हातांनी धरत होत्या.

जव्हारच्या डीटीपीच्या दुकानदाराने डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली, कान लावून ऐकलं. “मॅडम, ही शेवटच्या घटका मोजतेय. तासभर चालेल, नाहीतर आत्ताच बसेल. आधी काय काढू?”

मी सुरुवात केली, “प्रकल्प कार्यालयाला पाठवलेले अहवाल...”

“त्यांची प्रत कार्यालयात आहे, ती मागून आणू,” बाई म्हणाल्या. “आधी पोरांच्या गोष्टी. मंग शब्द.”

“आणि बाबांचा आवाज?” मी हळूच विचारलं.

“बाबा थांबेल. त्याला कधी घाई नव्हती.” आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

गोष्टी आल्या. शब्द आले. बाबांच्या आवाजाला सुरुवात झाली आणि डिस्क कण्हल्यासारखी होऊन गप्प झाली. दुकानदार भला माणूस. डिस्क निवू देऊन त्याने पुन्हा पुन्हा लावून पाहिली. तेवढ्या खटपटीनंतर एकच गोष्ट हाती लागली, तीही अर्धी. ती त्याने लावली. खेकडा वाघाच्या घरी सोयरीक जमवायला जातो. दार वाजवतो. वाघ दार उघडतो. इथे म्हातारा थांबतो आणि बाईंचाच आवाज येतो, “मंग काय झाला, बाबा?” त्यापुढे काही नाही.

बाईंनी उघडपणे डोळे पुसले. ही गोष्ट पुस्तकासाठी निवडलेली नव्हती, म्हणून मी ती कधी टाइप केली नव्हती. मी विचारलं, “शेवट काय होता?”

“बाबा दर वेळी वेगळा सांगायचा,” त्या म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. “याच्या सहा सीडी करा.”

त्या सीडी बाईंनी बियाण्यासारख्या घरोघर ठेवल्या. एकाने त्याच्याकडची सीडी पाखरं हाकायला भातात टांगली. मी चिडलो, तर बाई हसून म्हणाल्या, “म्हणून तर सहा केल्या.” पुस्तक जूनमध्ये वर्गात आलं. त्याबरोबर ती अर्धी गोष्टही पहिलीला ऐकवायची पद्धत पडली. पुढचं पोरांनी सांगायचं, आपल्या बोलीत. बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि मला डोळ्यांनी खुणावायच्या, बघा, बोलतात की नाही!

पुढे त्या निवृत्त होऊन साखरशेतला गेल्या. काही वर्षांनी एका सकाळी त्या गेल्याचा निरोप शाळेत आला. माझ्या हातून काही होईना. असं सुन्न बसलेलं बाईंना खपलं नसतं. मी पहिलीच्या वर्गात गेलो आणि सीडी लावली. या पोरांनी बाईंना पाहिलंही नव्हतं. खेकड्याने दार वाजवलं, वाघाने उघडलं आणि बाई विचारत्या झाल्या, “मंग काय झाला, बाबा?”

इतक्यात मागे बसलेली एक चिमुरडी ताडकन उभी राहिली.

“मंग खेकडा बोलला, सरक! मना आत येऊ दे!”